गावातलं गावात मिटवा

"ऊठ ना, उभी राहा. त्यांना दिसू दे तू."

शिरीष मराठीत म्हणाला. हसत म्हणाला. मीटिंग रूममधल्या बाकी कोणाला मराठी येत नव्हतं.

मी उभी राहिले. हातात पेन होतं. ते कुठे ठेवावं कळेना.

पाहुणे वॉशिंग्टनहून आले होते, प्रोजेक्टला पैसा देणाऱ्या सरकारी खात्याचे. लॉरा नावाची बाई त्यांची प्रमुख. तिनं एवढंच विचारलं होतं, की आमचं काम चालू होतं त्या देशातल्या गावांमध्ये न्यायनिवाड्याचे अधिकार म्हाताऱ्या पंचांना दिले, तर बायका ते मानतील का. साधा प्रश्न. शिरीषनं त्याचं उत्तर म्हणून मला उभं केलं.

"ही अशाच एका गावातली आहे," तो इंग्रजीत म्हणाला. "हिच्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या कोर्ट पाहिलं नाही, वकील पाहिला नाही. गावातली मोठी माणसं बसायची आणि भांडण मिटायचं. आपण ज्याला कस्टमरी जस्टिस म्हणतो, ते हिच्या रक्तात आहे."

रक्तात.

मग पुन्हा मराठीत, माझ्याकडे बघून, "सांग ना यांना. तुमच्या लोकांना कोर्टाची पायरी कुठे माहीत होती! तरी चाललंच होतं ना सगळं?"

तुमच्या लोकांना. त्या खोलीत महाराष्ट्रातली माणसं दोनच. तो आणि मी. पण त्याचे लोक वेगळे आणि माझे लोक वेगळे. ती रेघ त्यानं इतरांना न कळणाऱ्या भाषेत ओढली. म्हणून इतक्या सहज ओढली.

लॉरा माझ्याकडे फार मायेनं बघत होती. "हाउ व्हॅल्युएबल," ती म्हणाली.

मी तोंड उघडलं. शब्द आला नाही. माझं गप्प राहणं त्यांनी होकार म्हणून घेतलं आणि पडद्यावरची स्लाइड पुढे सरकली. मी अजून उभीच. बस असं कोणी म्हणालं नाही आणि आपणहून बसायचं असतं हे मला सुचलं नाही. तिशी ओलांडलेली बाई. दोन डिग्र्या. शाळेत चूक केल्यासारखी उभी.

पूर्वी मी त्याला 'ते' म्हणायचे. मंडळाच्या कार्यक्रमात शिरीषकाका म्हणायचे. आता 'तो' लिहिते आहे. मुद्दाम.

मी वाशिम जिल्ह्यातल्या एका गावातली. आमची वस्ती गावाच्या बाहेर. आमच्या घरात भिंतीवर फोटो कोणाचा होता, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. नागपूरला शिकले, मग स्कॉलरशिपवर इकडे आले. शिकून झाल्यावर नॉर्थ कॅरोलिनात, कॅरीजवळ, या कंपनीत लागले. आजूबाजूला सगळे आयटीवाले नाहीतर औषध कंपन्यांतले. माझी कंपनी निराळी. ती देश बांधायची. खरंच. कागदावर तसंच लिहिलेलं असायचं. जिथे युद्ध झालं, सरकार कोसळलं, तिथे मोठे देश पैसा ओततात, आणि तो पैसा घेऊन आमच्यासारख्या कंपन्या तिथे पोलीस, कोर्टं, नगरपालिका उभ्या करायला जातात. अशा देशांना ऑफिसात 'फ्रॅजाइल' म्हणायचे. नाजूक. काचेच्या भांड्यावर चिकटवतात तो शब्द. भांडं कोणी आपटलं होतं, हे त्यावर लिहिलेलं नसतं.

मी ज्या देशावर काम केलं त्याचं नाव इथे लिहीत नाही. माझ्याशी बोललेल्या बाया अजून तिथेच आहेत.

शिरीष आमचा डायरेक्टर. पुण्याचा, इथे तीस वर्षं. कॅरीतल्या मराठी मंडळात त्याचा शब्द चालायचा. माझ्या व्हिसाच्या कागदांवर सही त्याची. ग्रीन कार्डसाठी कंपनीनं अर्ज केला तोही त्याच्याच शिफारशीनं. "तू आमच्या मुलीसारखी आहेस," असं तो चारचौघांत म्हणायचा. मला ते आवडायचं, हेही खरं आहे. परक्या मुलखात कोणी मुलीसारखी म्हटलं की बरं वाटतं.

पहिल्या वर्षी त्यानं गणपतीला घरी बोलावलं. मी लवकर गेले, मदत करावी म्हणून. स्वयंपाकघरात मेधाकाकू, त्याची बायको, मोदक वळत होती. मी हात धुतले, बाह्या वर केल्या. काकू हसून म्हणाली, "तू राहू दे गं. सोवळ्यातलं आहे. तू हॉलमध्ये बस, टीव्ही बघ."

त्याच ओट्याशी दुसऱ्या दोन बायका मोदक वळत होत्या. त्यातली एक जीन्समध्ये होती.

त्यांच्या शाळकरी मुलीनं विचारलं, "मॉम, व्हॉट्स सोवळं?"

"नथिंग, बेटा."

मी हॉलमध्ये जाऊन टीव्ही बघितला. जेवताना मोदक पहिला मलाच वाढला. पोटभर जेवले. घरी येताना गाडीत मी स्वतःला सांगितलं, होतं असं. जुनी माणसं आहेत. आपलं काम बघ.

काम मला मिळालं होतं बायकांशी बोलण्याचं. त्या देशात मी दोनदा गेले. तिथे माझी दुभाषी होती मरियम. चाळिशीची, उंच, फार कमी हसणारी. पहिल्याच दिवशी तिनं मला एक बंद इमारत दाखवली. काचेचा दर्शनी भाग, काचा फुटलेल्या. 

"हे कोर्ट," ती म्हणाली. "मी इथे न्यायाधीश होते."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"होते," ती पुन्हा म्हणाली. "आता तुमच्या कंपनीची दुभाषी आहे."

मग चालता चालता तिनं सांगितलं. इमारत एका देशानं बांधून दिली, त्यांच्याकडच्यासारखी, काचेची, उन्हात भट्टी व्हायची. कायदा दुसऱ्या देशाच्या प्रोफेसरांनी राजधानीतल्या हॉटेलात बसून लिहिला. पोलिसांना तिसऱ्यानं शिकवलं. एका चौकीतले पोलीस एका तऱ्हेनं सलाम करायचे, शेजारच्या चौकीतले दुसऱ्या. प्रत्येक देशाचा झेंडा इमारतीच्या पाटीवर. तरी बायका यायला लागल्या होत्या. मैलोन् मैल चालून यायच्या. कोर्ट कोणी बांधलं याच्याशी त्यांना घेणं नव्हतं. आत बसलेला माणूस त्यांच्या सासऱ्याचा भाऊ नाही, एवढं त्यांना पुरे होतं.

"मग बंद का पडलं?"

"तुम्ही कंटाळलात," ती म्हणाली. "कोर्ट हळू चालतं. दरवर्षी फोटो काढण्यासारखं काही होत नाही. मग तुमच्या लोकांनी शोध लावला की आमची संस्कृती वेगळी आहे. आम्हाला म्हातारेच बरे. ते म्हातारे कोण, ठाऊक आहे? अर्धे कालपर्यंत बंदूकवाल्यांचे सरदार होते. तुम्ही त्यांना ट्रेनिंग दिलं, सर्टिफिकेट दिलं, पांढरे कपडे त्यांनी स्वतः शिवले."

ती मला 'तुम्ही' म्हणत होती. तुम्ही अमेरिकन. मी म्हणणार होते, मी त्यांच्यातली नाही. पण माझ्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही एका बाईच्या घरी गेलो. तिच्या दिराच्या हातून गावातला एक माणूस मेला होता. दोन घरांत वैर पेटू नये म्हणून पंच बसले. आमच्या प्रोजेक्टनं ट्रेनिंग दिलेले पंच. त्यांनी निवाडा केला. मारणाऱ्याच्या घरातली मुलगी मेलेल्याच्या घरात द्यायची. मग फिटलं.

बाई जमिनीकडे बघत सांगत होती, मरियम इंग्रजीत करून देत होती.

"म्हातारे आमच्याच घरी बसले. चहा प्यायले. माझी मुलगीच चहा देत होती. तिलाच द्यायचं ठरत होतं, हे तिला माहीत नव्हतं."

"तुम्ही काही बोलला नाहीत?" मी विचारलं.

"मी बोलायला लागले तर म्हणाले, घरातलं आहे, घरात राहू दे. गावातलं गावात मिटतंय, बाहेर नेऊ नको."

मरियमनं हे इंग्रजीत सांगितलं. मी ते मराठीत ऐकलं. शब्दन् शब्द. हे वाक्य मी लहानपणी ऐकलेलं होतं.

माझी मोठी बहीण सोयाबीन सोंगायला गेली होती. सरपंचाच्या पुतण्यानं तिला वावरात धरलं. ती ओरडली, पळाली, चोळी फाटली, हाताला विळा लागला. संध्याकाळी मारुतीच्या पारावर गावातली मोठी माणसं बसली. आमचे लोक पाराखाली, मातीत. बाबांना विचारलं, आईला नाही. ताईला तर नाहीच. निवाडा झाला. पोरगं चुकलं, तो मारुतीला नारळ फोडेल. पोरीनं त्या बाजूच्या वावरात जाऊ नये. आणि तिचं लवकर लग्न उरकून टाकावं. बाबांनी हात जोडले. आई उभी राहिली. "खाली बस," सरपंच म्हणाला. "गावातलं गावात मिटवतोय. बाहेर नेशील तर तुमचंच नाव जाईल."

आई बसली. आणि सकाळच्या पहिल्या एसटीनं ताईला घेऊन तालुक्याच्या पोलीस ठाण्यात गेली. दिवसभर व्हरांड्यात बसून राहिली. शेवटी तक्रार लिहून घेतली. मग गिरणीवाल्यानं आमचं दळण बंद केलं. दुकानदारानं मीठ द्यायचं बंद केलं. केस उभी राहिली, वर्षं गेली, साक्षीदार फुटले, तो पुराव्याअभावी सुटला.

हे सगळं मला त्या परक्या घरात, त्या बाईसमोर बसून आठवत होतं. ती बोलायची थांबली होती. तिनं मला काहीतरी विचारलं.

"ती विचारते आहे," मरियम म्हणाली, "हे तू कुठे नेणार?"

"रिपोर्टमध्ये लिहीन."

"रिपोर्ट कोण वाचतं?"

"पैसे देणारे."

"त्यांच्यात न्यायाधीश आहे का?"

हा प्रश्न मरियमनंच इंग्रजीत करून दिला. मी नाही म्हणाले. बाईनं पहिल्यांदा वर बघितलं.

"मग तू कशाला आलीस?"

इतकं सरळ मला कोणी विचारलं नव्हतं. रागानं नव्हती विचारत. तिला खरंच कळत नव्हतं. शेजारच्या बाया आल्या, एकेक करून सगळ्यांनी आपापलं सांगितलं. मी रेकॉर्ड करत गेले. निघताना ती म्हणाली, "न्यायाधीशाकडे ने. दुसऱ्या कोणाकडे नेऊ नको."

मी हो म्हणाले.

कॅरीला परत आले. गाडीवर पाइनचा पिवळा पराग साचलेला, मंडळाच्या ग्रुपवर गुढीपाडव्याचा मेन्यू. मी रिपोर्टमधला माझा भाग लिहून दिला. बायकांनी सांगितलं ते सगळं, त्यांच्या शब्दांत. शिरीषनं तो काढून टाकला. त्या जागी एक परिच्छेद आला. बायकांनी पंचायतींबद्दल 'संमिश्र पण आशादायक' मत दिलं, असा.

मी त्याच्या केबिनमध्ये गेले. तो शांत होता. चिडला असता तर मला सोपं गेलं असतं.

"आपण तिथे जाऊन त्यांच्यावर गोऱ्यांची कोर्टं लादायची का?" तो म्हणाला. "हा पण एक साम्राज्यवादच आहे ना? त्यांची पद्धत आहे. त्यांना तेच आवडतं. रिस्पेक्ट इट."

"कोणाला आवडतं? मी बायकांशी बोलले."

"तू इमोशनल होतेस. बॅकग्राउंडमुळे होत असेल, आय अंडरस्टँड."

बॅकग्राउंड. हा शब्द इथले आपले लोक फार जपून वापरतात. जात म्हणायची नसते, म्हणून.

त्यानंतरची ती मीटिंग. ती जिच्यात मी उभी राहिले. लॉराला मी इतकी आवडले की वॉशिंग्टनमध्ये प्रोजेक्टचा मोठा कार्यक्रम होता त्यात मी बोलावं असं ठरलं. काय बोलायचं ते मला लिहून मिळालं. मी गावातली मुलगी, पंचांच्या सावलीत वाढलेली, आणि ते मॉडेल आता जगाला देते आहे. माहितीपत्रकावर माझा फोटो. साडीतला. मंडळाच्या कार्यक्रमातला, मला न विचारता घेतलेला.

मी आईला फोन केला.

"आई, पारावर बसले होते ना सगळे, ताईच्या वेळी. तुला आठवतं?"

"काऊन वं? आज कशी आठवण झाली तुले?"

"असंच."

"मले बोलूच देलं नाही त्याईनं. उभी राह्यली, तं म्हने खाली बस."

"आणि कोर्टात?"

"कोर्टात त्याचा वकील लई आरडत होता मायावर. तं जज म्हने, थांबा, बाईंना बोलू द्या." तिनं ते 'बाईंना बोलू द्या' जजच्या शुद्ध मराठीत म्हटलं, जसं ऐकलं तसं. "मंग मी बोलली. सारं बोलली. तो पुतण्या खाली मान घालून आयकत होता."

"पण तो सुटला ना आई."

"सुटला. पन पुन्हा आपल्या वस्तीकडे डोया वर करून पाह्यलं नाही कोनी. काय झालं सांग ना, रडतीस काय?"

मी रडत नव्हते. मला बसवत नव्हतं. फोन कानाला लावून खोलीत येरझाऱ्या घालत होते. इतकी वर्षं मी ती केस हरलेली म्हणून डोक्यात ठेवली होती. शिकलेली मी. राज्यशास्त्र शिकलेली. राज्य म्हणजे काय, हे आई एका वाक्यात सांगून गेली. गावातल्या कोणालाही जे वाक्य म्हणावंसं वाटलं नाही, ते म्हणणारा एक माणूस कुठेतरी बसलेला असतो. तो चांगला असेल, वाईट असेल, विकला जाईल. पण त्याची खुर्ची असली पाहिजे. तीच खुर्ची आम्ही त्या बायकांच्या समोरून उचलून नेत होतो, आणि माझा फोटो दाखवून.

ताईला मी विचारलं, तुझं सांगू का लोकांसमोर. ती म्हणाली, नाव नको घेऊ, बाकी सांग. सांगच.

वॉशिंग्टनला आम्ही शिरीषच्या गाडीतून गेलो. तो ड्राइव्ह करत होता, मी शेजारी. नाट्यसंगीत लावलेलं. रिचमंडच्या पुढे ट्रॅफिक तुंबला. गाडी थांबली तसा तो बोलायला लागला.

"भाषण वाचलंस ना नीट?"

"वाचलं."

"तसंच बोल. उगाच ॲडलिब नको. हे बघ, तुझी ग्रीन कार्डची फाइल माझ्याच टेबलावरून जाते. मी तुला कधी अडवलंय?"

"नाही."

"मग झालं." त्यानं गाण्याचा आवाज वाढवला. ताल धरून स्टेअरिंगवर बोटं वाजवायला लागला.

मी खिडकीबाहेर बघत होते. माझं इथलं सगळं एका माणसाच्या टेबलावर होतं. आईचं तसं नव्हतं. तिच्याकडे घालवायला काहीच नव्हतं, म्हणून ती धीट होती, असं मी नेहमी समजायचे. त्या ट्रॅफिकमध्ये बसून माझ्या लक्षात आलं की ते खोटं आहे. तिचं दळण बंद झालं होतं. पोरं उपाशी राहणार हे माहीत असून ती एसटीत बसली होती.

हॉल भरलेला होता. सूट, कॉफी, नावांच्या पट्ट्या. मरियमला त्यांनी विमानानं आणलं होतं, 'लोकल पार्टनर' म्हणून. तिला स्टेजवर जागा नव्हती. ती तिसऱ्या रांगेत बसली होती. स्टेजवर लॉरा, शिरीष, दोन प्रोफेसर आणि मी.

माझी पाळी आली. मी उभी राहिले. कागद टेबलावरच ठेवला.

"मी पंचांच्या गावातली आहे, असं तुम्हाला सांगितलंय," मी म्हणाले. "ते खरं आहे. त्या गावात काय झालं ते अर्धंच सांगितलंय. बाकीचं मी सांगते."

आणि सांगितलं. पार, माती, नारळ, एसटी. मग त्या दुसऱ्या देशातली बाई सांगितली, चहा देणारी मुलगी सांगितली. माझं इंग्रजी तुटत होतं. शिरीषनं एकदा माइककडे हात नेला, मग लोक बघताहेत म्हणून मागे घेतला.

शेवटी मी लॉराकडे वळले. "तुमच्या मुलीवर कोणी हात टाकला, तर तुम्ही गल्लीतले म्हातारे बोलवाल की पोलीस आणि जज?"

तिनं समोरचा कागद सरळ केला.

"तुमच्यासाठी कायदा," मी म्हणाले, "आणि त्यांच्यासाठी संस्कृती. का?"

तिसऱ्या रांगेत मरियम उभी राहिली. तिला कोणी माइक दिला नाही. ती तशीच मोठ्यानं म्हणाली, "आम्हाला तुमचं कोर्ट नको आहे. आमचं होतं. एका खोलीतही चाललं असतं. ते बंद करून तुम्ही आम्हाला आमची संस्कृती शिकवता?"

मला वाटलं आता काहीतरी होईल. सूत्रसंचालन करणारा प्रोफेसर घसा साफ करून म्हणाला, "थँक यू फॉर दॅट पॉवरफुल पर्सनल स्टोरी." लोकांनी टाळ्या वाजवल्या. लॉरानंही वाजवल्या. मग कॉफी ब्रेक झाला.

त्या टाळ्या मला थोबाडीत मारल्यासारख्या लागल्या. सरपंचानं निदान खाली बस म्हटलं होतं. इथे टाळ्या वाजवून खाली बसवलं.

कॉरिडॉरमध्ये शिरीषनं मला गाठलं. चेहरा लाल. आवाज मात्र हळू, आजूबाजूला माणसं होती.

"आपल्या घरातलं असं बाहेर काढायची काय गरज होती? भारताचं नाव घालवलंस."

"तुमच्या घरातलं नव्हतं ते, काका. माझ्या घरातलं होतं."

"एवढं केलं तुझ्यासाठी. व्हिसा केला, घरात घेतलं." तो दात आवळून म्हणाला, "तुम्ही लोक कधी सुधारणार नाही."

इतकी वर्षं मी ही दोन अक्षरी भिंत ऐकत आले होते. लोक. तुम्ही लोक. तुमचे लोक. प्रत्येक वेळी न ऐकल्यासारखं केलं होतं. त्या दिवशी कान बंद झाले नाहीत.

"कोण लोक?" मी विचारलं.

"जाऊ दे."

"नाही, सांगा. तुम्ही लोक म्हणजे कोण लोक? नाव घेऊन बोला."

"आवाज खाली कर."

"नाव घ्या, काका. एकदा घ्याच. मला लाज वाटत नाही, तुम्हाला कसली वाटते?"

मी हे मराठीत, पण पूर्ण आवाजात म्हणत होते. कॉफीचे कप घेऊन माणसं वळून बघायला लागली. त्याच्या कपाळावर घाम आला. मग तो हसला, इंग्रजीत म्हणाला, "लेट्स टॉक इन द ऑफिस," आणि गर्दीत गेला.

नाव त्यानं घेतलं नाही. पण मला जे हवं होतं ते मिळालं. शब्द त्याच्या घशात अडकलेला मी पाहिला. इतकी वर्षं तो माझ्या घशात अडकलेला होता.

परत मी बसनं आले.

पुढचं भराभर झालं. पंचांचा प्रोजेक्ट मंजूर झाला, पूर्वीपेक्षा मोठा. तिथे आता आणखी जिल्ह्यांत पांढरे कपडे शिवले जातील. मला 'रिस्ट्रक्चरिंग'मध्ये काढलं. ग्रीन कार्डचा अर्जही त्याबरोबर बाद झाला. मंडळाच्या ग्रुपमधून मला कोणी काढलं नाही, फक्त मी काही लिहिलं की त्याखाली कोणी काही लिहीत नाही. नागपूरची एक मैत्रीण, इथे सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, तिचा फोन आला.

"यार, कशाला पंगा घेतलास? दोन मिनिटं वाचून टाकलं असतं भाषण."

"तू वाचलं असतंस?"

ती म्हणाली, "मी माझं आडनाव बदललंय इथे. तुला माहीत नाही." आणि रडायला लागली. मला तिला काही समजवावंसं वाटलं नाही. मी फक्त ऐकत राहिले.

मरियम परत तिच्या देशात गेली. तिथल्या सर्वोच्च न्यायालयात ती याचिका करते आहे, पंचांना दिलेल्या अधिकारांविरुद्ध. ते न्यायालय किती दिवस उरेल तिलाही माहीत नाही. तिनं विचारलं, बायकांची ती रेकॉर्डिंग आहेत का तुझ्याकडे. होती. मी सगळी पाठवली. ज्यांची होती त्यांच्या न्यायाधीशाकडे पाठवली.

काल कंपनीच्या वकिलाची ईमेल आली. फार सभ्य भाषा. ती रेकॉर्डिंग कंपनीची मालमत्ता आहेत. मी ती ताबडतोब परत करावीत, सगळ्या प्रती नष्ट कराव्यात, मरियमकडूनही करवून घ्याव्यात. नाहीतर कंपनी माझ्यावर खटला भरेल, आणि त्याचा माझ्या पुढच्या व्हिसांवर परिणाम होऊ शकतो.

मालमत्ता.

एका आईनं तिची पोरगी कशी गेली ते सांगितलं, आणि ते कंपनीच्या मालकीचं. देश त्यांनी बांधायला घेतला, कायदा त्यांनी लिहिला, पंच त्यांनी नेमले. आता रडणंही त्यांचंच.

झोप येत नाही. अर्धं सामान बांधून झालंय, अर्धं जमिनीवर पसरलंय. काही आठवड्यांत मला हा देश सोडावा लागेल. भीती वाटते. ती जात नाही आणि मी तिची जाण्याची वाट बघत नाही. आज सकाळी मी वकिलाला उत्तर लिहिलं. खाली माझं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. लिहिलं की रेकॉर्डिंग परत करणार नाही. नष्ट करणार नाही. मरियमलाही तसं करायला सांगणार नाही. त्यातला शब्दन् शब्द मी उतरवून काढते आहे, आणि तो न्यायाधीशासमोर वाचला जाईल. ज्या बाईनं जे सांगितलं ते तिचं आहे.

तुम्ही माझ्यावर खटला भरा, असं मी शेवटी लिहिलं. कुठल्याही कोर्टात भरा. मी तारखेला हजर राहीन.